वीरवेशमापनविचार: मावळ्याचे चिलखत आणि मावळातले पोट

पोट आधी की चिलखत आधी, हा वाद बीज आणि वृक्षाच्या वादाइतका जुना नसेल; पण मावळ तालुक्यात तो दरवर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नव्याने उभा राहतो. १९ फेब्रुवारीची शिवजयंती तोंडावर आली की तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत, लोणावळा इथल्या शाळांना, मंडळांना आणि गृहनिर्माण सोसायट्यांना एकदम मावळे लागतात. माणसांचा तुटवडा नसतो. घोडाही मिळतो, लग्नसराई असली तर थोडा महाग मिळतो, इतकेच. घोडे अडते ते मापाशी. ड्रेपरीवाल्याकडचा अंगरखा अडतीस छातीचा निघतो, सरदार चव्वेचाळीस छातीचा असतो, आणि मिरवणूक पाचला निघायची असते.

मराठीत शस्त्रांवर ग्रंथ आहेत, मोडी कागदांवर आहेत, किल्ल्यांवर तर कपाटे भरतील इतके आहेत. पण भाड्याचे चिलखत अनोळखी देहावर कसे बसवावे, आणि ते बसवताना इतिहासाला कितपत ढिले सोडावे, याचा विचार कोणी केलेला नाही. विद्वानांनी हे काम ड्रेपरीवाल्यांवर सोडले आणि ड्रेपरीवाल्यांनी सेफ्टी पिनेवर. ही उणीव भरून काढणे हा प्रस्तुत प्रबंधाचा हेतू आहे.

प्रथम दोषविचार. कोणत्याही लक्षणाचे तीन दोष नैयायिकांनी सांगून ठेवले आहेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. ही त्रयी त्यांनी चिलखतासाठीच रचली असावी असा दाट संशय येतो. चिलखत बेंबीच्या वरच संपले की अव्याप्ती. ते मांड्या ओलांडून गुडघ्याशी आले आणि आतला मावळा शोधावा लागला की अतिव्याप्ती. डोक्यातून ते खालीच उतरेना, दोन कार्यकर्ते दोन बाजूंनी ओढताहेत आणि आतून ‘थांबा, थांबा’ असा क्षीण आवाज येतो आहे, हा असंभव. पहिले दोन दोष मिरवणुकीत खपून जातात. तिसऱ्यात कात्री लागते, आणि कात्री लागली की अनामत रक्कम परत मिळत नाही.

आता प्रमाणविचार, म्हणजे अस्सलपणा कशाशी ताडून पाहायचा हा प्रश्न. असा आग्रह धरणाऱ्याला ‘अहो, कोण बघतंय’ म्हणून वाटेला लावण्याची आपल्याकडे रीत आहे. ती बरी नव्हे. ‘कोण बघतंय’ या तत्त्वाने आपण एकदा केवढे फसलो होतो, हे इतिहासात नोंदलेले आहे. शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र वर्षानुवर्षे छापले जात होते, ते मुळात इब्राहिम खान नावाच्या भलत्याच गृहस्थाचे होते. वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे अस्सल समकालीन चित्र शोधून १९३३ साली लोकांपुढे ठेवले, तेव्हा कुठे ते उतरले. प्रत्यक्ष महाराजांच्या मुद्रेबाबत हे घडू शकते, तर लोणावळ्याच्या बाजारपेठेतून चाललेल्या ट्रॅक्टरवरच्या अनामिक सरदाराच्या चिलखताचा गळा गोल की चौकोनी, याची काळजी कोणी वाहावी? ती वाहण्यासाठीच शास्त्र असते.

महाराजांच्या बांध्याबद्दल मात्र आपल्याला बरे साधन आहे. १६६४ साली सुरतेत असलेल्या एस्कॅलियट नावाच्या इंग्रज पाद्र्याने, ज्यांनी त्यांना पाहिले होते त्यांच्याकडून ऐकून, लिहून ठेवले आहे की ते मध्यम उंचीचे, ताठ आणि अतिशय प्रमाणबद्ध होते. म्हणजे महाराजांच्या भूमिकेसाठी सहा फुटी देह शोधणाऱ्या स्नेहसंमेलन समित्यांनी आपला शोध आवरायला हरकत नाही. छातीचे किंवा कमरेचे माप मात्र या पाद्र्याने दिलेले नाही. परदेशी लोकांच्या नोंदी अशा ऐन मोक्याच्या ठिकाणी अपुऱ्या पडतात.

खुद्द चिलखताचे दोन मोठे कुलधर्म आहेत. एक कड्यांचे, म्हणजे हजारो बारीक लोखंडी कड्या एकमेकींत गुंतवून केलेला अंगरखाच. दुसरे ‘चार आईना’ म्हणून ओळखले जाणारे: छाती, पाठ आणि दोन कुशी यांना चार लोखंडी पत्रे, पट्ट्यांनी एकमेकांशी बांधलेले. अस्सल नमुने पाहायचे तर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. तिथे मगरीच्या कातडीचे आणि माशाच्या खवल्यांचे चिलखतही आहे. ते पाहून एक गृहस्थ म्हणाले, ‘हे आपल्या राजूला होईल.’ संग्रहालयात वस्तू भाड्याने मिळत नाहीत हे त्यांना सांगावे लागले.

देहभेदाच्या दृष्टीने हे दोन कुलधर्म अगदी वेगळे वागतात. कड्यांचे चिलखत स्थूल माणसाशी मिळतेजुळते घेते. ते पोटावरून ओघळते, ताणते, वाटेत कुठेही भांडत नाही. त्याचा खरा भार खांद्यांवर येतो. दहा-बारा किलोचे लोखंड दोन खांद्यांवर टांगून माणूस अर्ध्या तासात वाकतो. म्हणून कमरेला पट्टा घट्ट आवळायचा, वरची जाळी थोडी उचलून पट्ट्यावर सोडायची, म्हणजे निम्मे ओझे कमरेवर येते. ही युक्ती जुन्या शिपायांना ठाऊक होती. आजच्या सरदाराला ती अवघड जाते, कारण पट्टा ज्या जागी आवळायचा ती जागा त्याच्याकडे निश्चित नसते. कृश माणसावर हीच जाळी खुंटीवरच्या पिशवीगत लोंबते. चार आईन्याचे उलटे. तो कृश देहावर एका पत्र्यावर दुसरा चढवून का होईना बसतो. स्थूल देहावर मात्र कुशीच्या पत्र्यांमध्ये फट पडते, आणि त्या फटीतून आतला बनियन, बनियनवरची कंपनीची खूण, आणि कधी कधी मोबाइलसुद्धा इतिहासात डोकावतो.

पण इथे एक मूलगामी अडचण आहे, आणि प्रमाणवाद्यांनी तिच्याकडे फारसे पाहिलेले नाही. मराठी मनातले सर्वांत प्रसिद्ध चिलखत कोणते? १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी घातलेले. खानाचा वार त्यावरून निसटला. आता ते चिलखत कुठे होते? अंगरख्याच्या आत. डोक्यावरचा लोखंडी टोपही पागोट्याच्या आत. ते दिसणार नाही, हेच तर त्याचे सामर्थ्य होते. म्हणजे या प्रसंगाची बरहुकूम वेशभूषा करायची तर प्रेक्षकांना चिलखत अजिबात दिसता कामा नये. आणि जे दिसत नाही ते घातले आहे की नाही, हे परीक्षकांना कळणार कसे? न्यायाने पाहता, साध्या पांढऱ्या अंगरख्यात उभा राहून ‘आत आहे’ असे ठामपणे सांगणारा विद्यार्थी हा वेशभूषा स्पर्धेतला सर्वांत अस्सल स्पर्धक ठरतो. शाळांनी अजून हा सिद्धान्त स्वीकारलेला नाही. पहिला क्रमांक चंदेरी रंग फासलेल्या सुतळीच्या जाळीलाच जातो.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या खोऱ्यांतून जे लोक महाराजांच्या पायदळात गेले, त्यांच्यातल्या सामान्य गड्याच्या अंगावर चिलखत असण्याचा संभव फार थोडा. लोखंडाची कड्याकड्यांची वस्तू महाग. ती सरदाराला आणि घोडेस्वाराला परवडणार. कडा चढणाऱ्याला तर ती अडचणच. डोईला मुंडासे, कमरेला चोळणा किंवा नुसती लंगोटी, खांद्यावर घोंगडे, हाती ढाल-तलवार, एवढ्यावर त्याचे काम चाले. तेव्हा मावळ्याच्या वेशाचे कडक प्रमाण लावायचे ठरवले तर चिलखताचे माप घेण्याची गरजच उरत नाही. माप घ्यावे लागते ते उघड्या दंडाचे आणि पोटऱ्यांचे. प्रस्तुत लेखकाने हा मुद्दा एका मंडळाच्या बैठकीत मांडून पाहिला. अध्यक्षांनी स्वतःच्या पोटाकडे एकदा पाहिले आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

देहांचे वर्गीकरण पाश्चात्त्यांनी बरेच उशिरा केले. शेल्डन नावाच्या अमेरिकी पंडिताने १९४० साली माणसांचे गोल, चौकोनी आणि लांबट असे तीन साचे पाडले. ते आपल्या कामाचे नाहीत, कारण तळेगावात हे तिन्ही एकाच गृहस्थात वयाच्या तीन टप्प्यांवर सापडतात. चरकाचे वर्गीकरण अधिक उपयोगी आहे. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात त्याने आठ निंदित देह सांगितले आहेत: अतिदीर्घ, अतिह्रस्व, अतिलोम, अलोम, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश. यांतील वर्णाचे दोन बाजूला ठेवू; त्यांचा चिलखताशी संबंध नाही. उरलेल्यांत अतिलोमाचा समावेश वाचून कोणाला नवल वाटेल. ज्याने उघड्या अंगावर कड्यांची जाळी घालून ती घाईघाईने काढली आहे, त्याला वाटणार नाही. चरकाला हे कसे कळले, हा संशोधनाचा विषय आहे. जुने लोक जाळीखाली जाड कापसाचे भरताड अंगडे घालत; त्यामुळे वार बोथटे आणि केसही वाचत.

स्थूल आणि कृश यांत चरकाचा कौल कृशाच्या बाजूने आहे, आणि ड्रेपरीवाल्यांचाही. कारण भर घालता येते, काढता येत नाही. शाळेच्या नाटकात अफझलखान होणारा मुलगा हमखास वर्गातला उंच पण सडसडीत मुलगा असतो, आणि त्याचे खानपण दोन उशांनी आणि एका टॉवेलने उभे राहते. उलट दिशेचा प्रवास एका दिवसात होत नाही. त्याची सोय लोणावळ्यात आहे खरी: स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेले कैवल्यधाम तिथे आहे, आणि योगाचा देहावरचा परिणाम प्रयोगशाळेत मोजून पाहण्याचे काम त्या संस्थेने अगदी सुरुवातीपासून केले. पण त्याच लोणावळ्यात पावलापावलावर चिक्कीची दुकाने आहेत. एकाच गावाने कंबर कमी करण्याचे आणि वाढवण्याचे असे दोन्ही उपाय शेजारी शेजारी ठेवावेत, आणि चिलखताची चिंता मधल्यामध्ये लटकावी, हा मावळाचा भूगोल आहे.

मापाचे एककही वादग्रस्त आहे. दर्जी इंचात मोजतो. आपले जुने माप तसू. चोवीस तसूंचा गज. चरकाने तर शरीराची उंची ८४ अंगुळे सांगितली, पण कोणाच्या अंगुळाने? ज्याच्या त्याच्या. इथे त्याचा मुत्सद्दीपणा दिसतो. ज्याच्या त्याच्या बोटाने मोजले तर जगात मापाबाहेरचा माणूस फारसा सापडत नाही. भाड्याच्या दुकानात हे तत्त्व ‘फ्री साइज’ या नावाने चालते.

‘ताई, फ्री साइज आहे, घेऊन जा.’

‘अहो, हा दुसरीत आहे. हे याच्या बाबांनाही मोठं होईल.’

‘मग बाबांनाच घालायला सांगा. पुढच्या वर्षी याला.’

या संवादात वेदान्त आहे. नामरूपाचे भेद मायेचे, अंगरखा एकच. फक्त मायेचे भेद मिरवणुकीच्या दिवशी टाचावे लागतात, आणि इथे आपण सेफ्टी पिनेपाशी येतो.

कालविपर्यास या दोषाचे गांभीर्य आपल्याकडे नीट मोजले गेलेले नाही. वॉल्टर हंट या अमेरिकनाने सेफ्टी पिनेचे पेटंट १८४९ साली घेतले. म्हणजे प्रतापगडच्या प्रसंगातल्या सरदाराच्या पाठीवर ती लावली, तर सरदार बरोबर १९० वर्षे पुढे निघून जातो. प्रत्येक पिनेला १९० वर्षे धरली, तर काही सरदार एकविसावे शतकही ओलांडून गेल्याचे दिसते. वेल्क्रो आणखी वाईट. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअरने कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या काटेरी बोंडांवरून ती कल्पना घेतली आणि पेटंट घेतले १९५० च्या दशकात. तिच्या समर्थनार्थ एक कार्यकर्ता म्हणाला की, मावळातल्या रानात पावसाळ्यानंतर धोतराला जी कुसळे चिकटतात ती वेल्क्रोच, मग ती इथली झाली की नाही? युक्तिवाद चतुर आहे, पण कुसळे मावळ्याला नकोशी होती आणि वेल्क्रो हवासा आहे. हेतूत फरक आहे. शिवाय पोवाडा ऐन रंगात आला असताना चिलखत ‘चर्रर्र’ आवाज करून उघडते, आणि सतराव्या शतकातली कोणतीही वस्तू असा आवाज करत नव्हती.

परदेशी लोकांनी या बाबतीत कारभार पक्का केला आहे. अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या चिलखती शिपायांचे वेश करणाऱ्या हौशी मंडळींची ‘५०१ वी लीजन’ नावाची संघटना १९९७ पासून आहे. सभासद व्हायचे तर वेश आपल्या मालकीचा हवा, आणि त्याचे फोटो पाठवून तो संदर्भसंग्रहाशी ताडून मंजूर करून घ्यावा लागतो. जो शिपाई कधी जन्मालाच आला नाही, त्याच्या खांद्याच्या पत्र्याची वळणे ते तासतात. ज्याचा देह साच्याहून मोठा त्याच्या चिलखताच्या दोन तुकड्यांमध्ये त्याच रंगाची पट्टी बसवतात, सांधा झाकतात आणि मान्यता मिळवतात. देहाला कोणी नापास करत नाही. आपल्याकडे शिपाई खरे होते, आणि मान्यता मंडळाच्या अध्यक्षांच्या भुवयांवर अवलंबून असते. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची चिलखते जपून ठेवलेली आहेत. तरुणपणी सडपातळ असलेल्या त्या राजाची कंबर शेवटी शेवटी ५० इंचांच्या पुढे गेली हे त्यांवरून समजते. पण तो राजा होता, पोट वाढले की चिलखत नवे होई. भाड्याच्या सरदाराला ती मुभा नाही.

सरदार निवडतात कसा, हेही पाहायला हवे. आरमारात गणवेश ठरलेला असतो आणि माणूस मापाने निवडतात. लोणावळ्यालाच १९४५ पासून आरमाराचे ‘शिवाजी’ नावाचे प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे कोणी बेंबी दाखवत उभा राहत नाही. मंडळात क्रम वेगळा. ज्याची वर्गणी मोठी त्याला मोठी भूमिका, आणि वर्गणी व कंबर यांचे प्रमाण सहसा सम असते. परिणामी सरनोबताचे चिलखत सर्वांत आधी उसवते. तो चालतही नाही. त्याच्यासाठी उघडी जीप असते. शिवजयंतीच्याच दिवशी पहाटे मात्र एक वेगळे दृश्य दिसते. आसपासच्या गावांतली पोरे लोहगडावर जाऊन शिवज्योत पेटवतात आणि ती हाती घेऊन आळीपाळीने धावत गावात आणतात. अंगात बनियन, हाफ पँट, पाय बऱ्याचदा अनवाणी, पोटऱ्या दगडासारख्या. संध्याकाळच्या मिरवणुकीत या पोरांना वेश मिळत नाही. ती जीप ढकलायला असतात.

चिलखत बसले की नाही याची कसोटी आरशात घेऊ नये, लोहगडावर घ्यावी, असे आमचे मत आहे. मळवली स्टेशनवरून भाज्याला यायचे, गायमुख खिंडीवरून लोहगडवाडी गाठायची आणि चिलखत चढवून पायऱ्यांना लागायचे. गडाला चार दरवाजे आहेत, आणि शास्त्राच्या दृष्टीने चारही उपयुक्त आहेत. गणेश दरवाजापर्यंत सगळे ठीक असते; माणूस फोटो काढतो. तिथून पुढे कमरपट्टा वर सरकायला लागतो, कारण चढणीवर पोट पुढे येते आणि पट्ट्याला दोनच दिशा असतात. नारायण दरवाजात फोमच्या पत्र्याखाली घाम साचतो आणि छातीवरचा सिंह गळायला लागतो. हनुमान दरवाजाशी जिरेटोप हातात आलेला असतो. महादरवाजातून जो चिलखतासकट आत जातो, त्याला चिलखत बसले असे मानावे. हा गड १६४८ मध्ये स्वराज्यात आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात गेला आणि १६७० मध्ये परत घेतला गेला. परत घेणाऱ्यांच्या अंगात काय होते ते ठाऊक नसले, तरी त्यांनी वाटेत फोटो काढले नाहीत हे नक्की. पुढे पेशवाईत नाना फडणविसांनी इथे बांधकामे केली. ते शरीराने इतके कृश की त्यांना कोणतेच चिलखत बसले नसते, आणि लागलेही नाही. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले, त्यांत लोहगड आहे. तेव्हा कसोटीचे ठिकाण आता आंतरराष्ट्रीय मान्यतेचे झाले आहे.

फोमचा उल्लेख आला म्हणून एका नव्या रोगाची नोंद. ‘बाहुबली’ हा चित्रपट २०१५ साली आल्यापासून बाजारात काळ्या फोमची अशी चिलखते आली आहेत की ज्यांच्या छातीवर आणि पोटावर स्नायूंचे गठ्ठे साच्यातूनच उठवलेले असतात. ही कल्पना मुळात ग्रीक-रोमन. मावळात तिला कोणताही आधार नाही. पण तिचा खप जोरात आहे, कारण ती देहाचा प्रश्न एका फटक्यात सोडवते: खरे पोट आत, घडवलेले पोट बाहेर. पाचवीतल्या मुलाला ती घातली की त्याचे डोके एखाद्या पैलवानाच्या धडावर चुकून ठेवल्यासारखे दिसते. प्रमाणाच्या दृष्टीने या वस्तूला शून्य गुण. सोयीच्या दृष्टीने किती द्यावेत हे आईवर्गाला विचारावे.

जूनमधल्या राज्याभिषेक सोहळ्याचे स्वतंत्र प्रश्न आहेत. कागदाच्या लगद्याचे चिलखत ६ जूनपर्यंत तग धरते. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीने सोहळा केला आणि लोणावळ्याचा पाऊस वेळेवर आला, तर चिलखताचा परत लगदा होतो. या बाबतीत पत्रा चांगला, पण पत्रा गंजतो आणि गंज पांढऱ्या सुरवारीवर उतरतो. धुण्याचे पैसे वेगळे घेतात.

वडगावच्या लोकांना तर एक इंग्रजही उभा करण्याची हौस असते, आणि ती रास्त आहे. जानेवारी १७७९ मध्ये खंडाळ्याच्या घाटाने पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजांना वडगावला शरण यावे लागले. त्यातला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला इष्टुर फाकडा, कार्ल्याजवळ मारला गेला. मराठी फौज न्याहाळण्यासाठी तो झाडावर चढला होता असे परंपरा सांगते. या भूमिकेला चिलखत नाही, तांबडा कोट पुरतो. पण देहाची अट मात्र इथे उघड आहे: गडी झाडावर चढणारा हवा. शत्रूच्या पात्राला देहाची कसोटी लागते आणि आपल्या सरनोबताला लागत नाही, हा पक्षपात आहे.

आता निर्णय. इतका वेळ आपण चिलखत मापाचे करू पाहत होतो. जुन्या वेशाकडे नीट पाहिले तर दिसते की त्याला माप नव्हतेच. पागोटे गुंडाळायचे. शेला गुंडाळायचा. धोतर नेसायचे. बाराबंदी तर नावाप्रमाणे बंदांनी बांधायची. श्रावणात उपास झाले की बंद आवळायचे, दिवाळीनंतर सैल सोडायचे. चार आईन्याचे पत्रे ठरलेले असले तरी त्यांचे पट्टे ढिले-आवळ होत. जाळीत आणखी चार ओळी कड्या गुंतवल्या की ती मोठी होई. म्हणजे देहाला सामावून घेणे हाच त्या वेशाचा अस्सलपणा होता. मापाचे भांडण आपण आणले ते कापून-शिवून आणि साच्यात ओतून. शिवलेले धोतर, शिवलेली नऊवारी, डोक्यावर टोपीसारखा ठेवायचा तयार फेटा ही सगळी त्याच घरची भावंडे. म्हणून आमची प्रमाणसंहिता अशी: बंद कितीही लांब असोत, ते अस्सल मानावेत. दोन पत्र्यांच्या मधली फट शेल्याने झाकणे शास्त्रसंमत आहे, शेला बांधलेला असावा, चिकटवलेला नसावा. जाळीत भर घातली तर ती कड्यांचीच हवी. सेफ्टी पीन एकच चालेल, तीही आत, आणि तिची वाच्यता करू नये. वेल्क्रो बाद. जिरेटोप महाराजांचा, मावळ्याने मुंडासे बांधावे, म्हणजे डोक्याच्या मापाचा प्रश्नही सुटेल. पोटाला गुण नाहीत आणि दंडही नाही.

तालुक्यातल्या दर्ज्यांना एवढीच विनंती की, मोजपट्टी खिशात ठेवून प्रत्येक बंद दोन वीत जास्त ठेवावा आणि कुशीला दाबून ठेवलेले कापड उसवण्याइतके असू द्यावे. आणि ज्यांना तिथीची जयंती, म्हणजे फाल्गुन वद्य तृतीयेची, करायची आहे, त्यांनी १९ तारखेचे वेश दुकानात परत यायची वाट न पाहता नाव नोंदवून ठेवावे. बेचाळीसच्या पुढची चिलखते सगळ्यांत आधी जातात.